केळीची कुंडली नव्हे, सातबारा

धुळ्याला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही डी.एन.ए. या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर रावेर तालुक्यातून आलेले एक शिक्षक उभे राहिले. "सर, केळीचा संपूर्ण जीनोम वाचून झाला असे आम्ही वर्गात सांगतो. आमच्या वर्गातली निम्मी मुले केळीवाल्यांच्या घरची. एकाने विचारले, सगळे वाचून झाले तर मग आमच्या बागेत करपा का येतो? त्याला काय सांगू?" आम्ही तेव्हा जे उत्तर दिले ते आम्हाला स्वतःलाच पटले नाही. "संशोधन चालू आहे, वेळ लागतो" हे उत्तर खोटे नसते, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही.

नंतर विचार करताना जाणवले की चूक त्या मुलाच्या प्रश्नात नव्हती. जीनोमविषयी आम्ही संशोधक जे लिहितो, वर्तमानपत्रे जे छापतात आणि त्यातून वर्गात जे पोचते, त्यातच काहीतरी गडबड आहे. म्हणून केळीच्या जीनोमचा मूळ शोधनिबंध आम्ही पुन्हा काढून वाचला. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या निबंधाचे आणि त्यानंतरच्या कामाचे परीक्षण येथे करत आहोत. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील शिक्षकांना त्याचा विशेष उपयोग होईल, कारण यातील उदाहरणे त्यांच्या शाळेच्या कुंपणापलीकडच्या शेतातलीच आहेत.

कोणती केळ वाचली?

जीनोम म्हणजे एखाद्या सजीवाच्या पेशीतील डी.एन.ए.चा संपूर्ण संच. डी.एन.ए.चा रेणू चार रासायनिक अक्षरांच्या लांबच लांब माळेचा बनलेला असतो. ही अक्षरे कोणत्या क्रमाने आहेत ते शोधणे म्हणजे जीनोम वाचणे. केळीच्या जीनोमचे हे वाचन २०१२ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील सिराद आणि जेनोस्कोप या संस्थांचा त्यात पुढाकार होता आणि निबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या अँजेलिक द'ऑन्त.

बातमी आली ती ‘केळीचा जीनोम’ अशी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साहजिकच हातगाडीवरचा घड आला असेल. प्रत्यक्षात वाचली गेली ती ‘पहांग’ या मलेशियातील रानटी केळीपासून प्रयोगशाळेत तयार केलेली एक वनस्पती. रानटी केळीची फळे कठीण बियांनी भरलेली असतात, ती कोणी बाजारात नेत नाही. जळगावची केळी याहून पुष्कळ वेगळी आहे. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही नावे वेगवेगळी असली तरी हे सारे वाण कॅव्हेंडिश या एकाच गटातील आहेत. रानटी पहांगमध्ये गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. कॅव्हेंडिशमध्ये तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. तीनचे दोन समान भाग होत नाहीत, म्हणून कॅव्हेंडिशला बी धरत नाही. मुनवा लावा किंवा टिश्यू कल्चरचे रोप लावा, ती आधीच्याच झाडाची प्रत असते. टिश्यू कल्चरमुळे बागा एकसारख्या झाल्या असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. केळीची बाग मुनव्यांच्या काळातही एकसारखीच होती.

संशोधकांनी जळगावची केळी सोडून रानटी केळ का घेतली? याला कारण आहे आणि ते वर्गात करून दाखवता येते. एका वर्तमानपत्राच्या एकाच पानाच्या दहा प्रती घ्या. प्रत्येकीचे वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे करा, सगळे मिसळा आणि मुलांना मूळ पान जुळवायला सांगा. दोन तुकड्यांवर एकच ओळ दिसली की ते शेजारचे, असे ओळखत पान तयार होते. जीनोम असाच वाचतात, कारण यंत्राला आख्खे गुणसूत्र एका दमात वाचता येत नाही. आता दुसऱ्या गटाला जळगाव, धुळे आणि नाशिक अशा तीन आवृत्त्यांच्या पानांचे तुकडे एकत्र करून द्या. बातम्या बऱ्याच सारख्या, काही ओळी वेगळ्या. कोणता तुकडा कोणत्या आवृत्तीतला हे कळेनासे होते. कॅव्हेंडिशचे तीन संच म्हणजे अशा तीन आवृत्त्या आहेत. पहांगच्या परागकोशातून संशोधकांनी जी वनस्पती तयार केली तिच्यातील दोन्ही संच तंतोतंत सारखे होते, म्हणजे त्यांच्या हाती एकच आवृत्ती होती. ही निवड शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होती आणि मूळ निबंधात ती स्पष्ट सांगितली आहे. बातमीत मात्र ती राहिली नाही.

‘संपूर्ण’ या शब्दाची तपासणी

दुसरा मुद्दा ‘संपूर्ण’ या विशेषणाचा. पहांगचा जीनोम सुमारे ५२ कोटी ३० लाख अक्षरांचा असल्याचा अंदाज होता. २०१२ साली जुळवून झालेली अक्षरे होती सुमारे ४७ कोटी २० लाख. त्यांपैकीही सुमारे ७० टक्के भागालाच ११ गुणसूत्रांवरची आपली जागा मिळाली होती. उरलेले तुकडे वाचलेले होते, पण ते कोठे बसतात हे ठाऊक नव्हते. याचे कारण पुनरावृत्ती. केळीच्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग स्वतःच्या प्रती काढून इकडेतिकडे बसणाऱ्या डी.एन.ए.च्या तुकड्यांनी व्यापलेला आहे. वर्तमानपत्राच्या खेळात एकच जाहिरात पानावर पन्नास ठिकाणी असेल तर काय होईल याची कल्पना मुलांना लगेच येते.

पुढे लांब तुकडे वाचणारी यंत्रे आली. २०२१ साली याच वनस्पतीचे नवे वाचन प्रसिद्ध झाले आणि त्यात ११ पैकी ५ गुणसूत्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचता आली. म्हणजे पहिल्या ‘संपूर्ण’ वाचनानंतर ९ वर्षांनी निम्म्याहून कमी गुणसूत्रे खऱ्या अर्थाने संपूर्ण झाली. खुद्द कॅव्हेंडिशचे तिन्ही संच वेगळे करून वाचण्याचे काम २०२३ च्या सुमारास पुरे झाले. तिच्यात बँक्सी, झेब्रिना आणि मलाक्सेन्सिस या रानटी उपजातींचे तुकडे मिसळलेले आहेत, हे चित्र या वाचनांमुळे स्पष्ट झाले. आपल्या बागेतील केळ ही आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतील अनेक पूर्वजांची संमिश्र वारस आहे, ही माहिती इतिहासाच्या तासालाही उपयोगी पडेल.

तिसरा मुद्दा जनुकांच्या संख्येचा. निबंधात केळीची ३६,५४२ जनुके दिली आहेत. आकडा नेमका दिसतो, म्हणून तो मोजून काढला असावा असे वाटते. प्रत्यक्षात हा संगणकाने काढलेला अंदाज आहे. माहीत असलेल्या जनुकांशी साम्य असलेल्या जागा संगणक हुडकतो आणि तेथे जनुक असावे असे सांगतो. पुढच्या आवृत्त्यांत हा आकडा बदलत गेला. यातील बहुतेक जनुके केळीच्या झाडात नेमके काय काम करतात हे कोणी प्रयोग करून पाहिलेले नाही. विद्यार्थ्यांना हा आकडा पाठ करायला लावू नये.

जीनोमच्या आधी सापडलेले जनुक

अशा शोधनिबंधांच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते. या वाचनामुळे पिकाच्या सुधारणेला मोठी मदत होईल, असा त्याचा आशय. आम्हीही आमच्या निबंधांत असे वाक्य लिहिले आहे. केळीच्या निबंधातही ही अपेक्षा आहे, आणि तिची परीक्षा घेण्याइतकी वर्षे आता गेली आहेत.

ही परीक्षा पनामा मर या रोगावर घेणे योग्य होईल. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते, झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते आणि झाड वाळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या निर्यात बाजारात ग्रो मिशेल ही केळी होती. या बुरशीच्या एका प्रकाराने मध्य अमेरिकेतील तिच्या बागा संपवल्या आणि तिची जागा रोगाला तोंड देणाऱ्या कॅव्हेंडिशने घेतली. त्यानंतर कॅव्हेंडिशलाही मारणारा टी.आर.४ हा प्रकार पसरला. २०१३ साली तो मोझांबिकमध्ये आणि २०१९ साली कोलंबियात आढळल्याचे जाहीर झाले. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागांत तो आढळला आहे. या बुरशीचे बीजाणू मातीत अनेक दशके तग धरतात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचा सारा डोलारा एकाच कॅव्हेंडिश गटावर उभा आहे, हे लक्षात घेतले की प्रश्न किती गंभीर आहे ते कळते.

टी.आर.४ ला दाद न देणारी कॅव्हेंडिश ऑस्ट्रेलियात जेम्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. रानटी मलाक्सेन्सिस केळीतील आर.जी.ए.२ हे जनुक त्यांनी कॅव्हेंडिशमध्ये घातले. रोगट मातीत तीन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एका ओळीची झाडे शेवटपर्यंत निरोगी राहिली, तर शेजारची साधी झाडे मोठ्या प्रमाणात रोगाला बळी पडली. २०२४ साली तेथील नियामकांनी अशा केळीला परवानगी दिली. मात्र ती लगेच बाजारात न आणता संकटकाळासाठी राखून ठेवायची असे ठरले.

हे यश जीनोमच्या खात्यावर जमा करण्याचा मोह होतो. पण तारखा पाहा. आर.जी.ए.२ हे जनुक वेगळे काढून त्याचे वर्णन २०१२ च्या आधीच झाले होते. रोगप्रतिकारक जनुकांमध्ये आढळणाऱ्या सामाईक खुणांवरून ते शोधले गेले, त्यासाठी संपूर्ण जीनोमची गरज पडली नाही. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. हे जनुक साध्या कॅव्हेंडिशमध्येही असते. फक्त ते तेथे फार मंद चालते. म्हणजे कॅव्हेंडिशच्या जीनोमची यादी तपासली असती तर ‘जनुक आहे’ अशी नोंद मिळाली असती आणि झाड तरीही मेले असते. कोणते जनुक आहे याइतकेच ते किती काम करते यालाही महत्त्व आहे, आणि अक्षरांचा क्रम वाचून ते बहुधा कळत नाही.

तरीही एकतर्फी निकाल देणे अन्यायाचे होईल. पहांगच्या जीनोमचा संदर्भ हाती असल्यामुळेच रानटी केळीतील टी.आर.४ विरोधी प्रतिकारशक्तीचा एक पत्ता २०२० साली दहाव्या गुणसूत्राच्या एका टोकाकडे सापडला. असा पत्ता मिळाला की संकरातून आलेल्या शेकडो रोपांपैकी कोणती ठेवावी हे पानाचा तुकडा तपासून कळते, प्रत्येक रोप रोगट मातीत लावून वाट पाहावी लागत नाही. पण त्यापुढची अडचण जीनोम सोडवत नाही. कॅव्हेंडिशला बी धरत नसल्याने तिचा संकर करता येत नाही. रानटी आणि सुधारित द्विगुणित केळींचा संकर करून नवी त्रिगुणित केळ घडवावी लागते, आणि तिची चव, टिकाऊपणा, घडाचे वजन हे सारे बाजाराच्या पसंतीला उतरावे लागते. हे वर्षानुवर्षांचे काम आहे.

बुरशीची बाजू आणि धुळ्याची बाजरी

आमच्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने केळीपेक्षा तिच्या शत्रूंचे डी.एन.ए. वाचन अधिक लवकर कामी आले. टी.आर.४ आणि त्याचा जुना भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत. डी.एन.ए.च्या एका छोट्या तुकड्यावरून मात्र ते काही तासांत ओळखता येतात. टोमॅटोवरील फ्युजेरियमचा जीनोम २०१० साली प्रसिद्ध झाला तेव्हा एक नवल उघड झाले. रोग निर्माण करण्याची शक्ती काही जादा गुणसूत्रांवर होती, आणि प्रयोगशाळेत असे गुणसूत्र निरुपद्रवी बुरशीत गेले की तीही रोगकारक झाली. बुरशीचे वाण पालकांकडून पिल्लांकडे असेच फक्त चालत नाहीत, हे यातून शिकायला मिळाले.

आता धुळे. येथील कृषी महाविद्यालयात बाजरीवर संशोधन होते. बाजरीचा जीनोम इक्रिसॅटच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झाला. पण लोहाचे प्रमाण जास्त असलेला ‘धनशक्ती’ हा वाण महाराष्ट्रात त्याआधी ५ वर्षे, २०१२ साली प्रसारित झाला होता. इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून तो आला. जुन्या आय.सी.टी.पी. ८२०३ या वाणातील ज्या वंशांच्या दाण्यांत लोह अधिक भरले, ते पिढ्यानुपिढ्या निवडून तो तयार केला. तेथे दाण्यातील लोह मोजले गेले, जीनोम नव्हे. उलट हरयाणातील एच.एच.बी. ६७ या संकरित बाजरीवर गोसावी रोग पडू लागला तेव्हा तिच्या आईबाप वाणांत प्रतिकारशक्ती आणण्यासाठी डी.एन.ए.च्या खुणांचा वापर झाला आणि २००५ साली सुधारित वाण आला. तेथेही संपूर्ण जीनोम नव्हता, पण डी.एन.ए.चे ज्ञान होते.

या गोसावी रोगाविषयी शिक्षकांनी एक दुरुस्ती जरूर करावी. त्याला आपण ‘बुरशीजन्य’ म्हणतो. डी.एन.ए.च्या तुलनेतून दिसते की त्याचा कारक खरी बुरशी नाहीच, तो तपकिरी शैवाल आणि डायटम यांच्या घराण्यातला आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत खऱ्या बुरशीसारखा कायटिनचा सांगाडा नसून मुख्यतः सेल्युलोज आणि त्यासारखी द्रव्ये असतात. म्हणूनच खऱ्या बुरशीवर चालणारी अनेक औषधे त्याच्यावर निष्प्रभ ठरतात आणि बियाण्याला मेटॅलॅक्झिल चोळावे लागते. मात्र येथेही क्रम लक्षात ठेवावा. मेटॅलॅक्झिल १९७० च्या दशकात आले ते शेतातल्या आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतून. ते का चालते याचा उलगडा जीवांच्या वंशावळीने नंतर केला.

शब्दाची निवड

मराठीत जीनोमला ‘जनुकीय कुंडली’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. या शब्दावर आमचा मुख्य आक्षेप आहे. कुंडली म्हटले की भविष्य आले. ज्याची कुंडली हाती आली त्याचे सारे कळले, असा अर्थ मुलाच्या मनात जातो आणि मग तो विचारतो, करपा का येतो?

आम्हाला त्याऐवजी ‘सातबारा’ ही उपमा जवळची वाटते. सातबाऱ्यावर शेताचा गट क्रमांक, क्षेत्र, मालक, पीक यांची नोंद असते. त्याशिवाय व्यवहार होत नाही, म्हणून तो मोलाचा आहे. पण यंदा विहिरीला पाणी किती, वारा कसा सुटेल, भाव काय मिळेल, हे सातबारा सांगत नाही. त्यात चुका असतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात. नोंद बदलली की फेरफार होतो, तसा डी.एन.ए.तही होतो. आणि तो कोणत्या गटाचा आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा उपयोग करायचा नसतो. पहांगचा सातबारा दाखवून कॅव्हेंडिशच्या शेतावर हक्क सांगता येत नाही.

हीच नजर देशी कपाशीच्या बाबतीतही ठेवावी. देशी कपाशीची एक जात, गॉसिपियम आर्बोरियम, भारतीय उपखंडात माणसाळली. तिचा जीनोम २०१४ साली प्रसिद्ध झाला तो चीनमधील एका वाणाचा. ते काम उत्तम आहे. पण खानदेशच्या कोरडवाहू जमिनीत पिढ्यानुपिढ्या टिकलेल्या वाणांत वेगळे काय आहे, हे ते वाण जपून, पेरून, मोजूनच कळेल. वाण नामशेष झाला तर वाचायला यंत्र असून उपयोग नाही.

त्या मुलाला काय सांगावे?

केळी, साबण, मीठ आणि थंड स्पिरिट वापरून डी.एन.ए.चे पांढरे धागे दाखवण्याचा प्रयोग अनेक शाळांत होतो. तो चालू ठेवावा, फक्त त्या धाग्यांत डी.एन.ए.बरोबर पेक्टिन आणि प्रथिनेही असतात हे सांगावे. त्यानंतर वर्तमानपत्राचा खेळ घ्यावा. आणि जीनोमची कोणतीही बातमी आली की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. नेमके कोणत्या वाणाचे वाचन झाले? त्यातील किती भाग सलग जुळला? आणि वाचनानंतर शेतात किंवा प्रयोगशाळेत कोणती चाचणी झाली?

रावेरच्या त्या मुलाला आज आम्ही असे सांगू: बाळा, तुझ्या बागेतील केळ बी धरत नाही, म्हणून ती पिढ्यानुपिढ्या तीच राहिली आहे. करपा आणणारी बुरशी मात्र लैंगिक प्रजनन करते आणि प्रत्येक हंगामात नवनवीन रूपे घेऊन येते. केळीचा जीनोम वाचल्याने आपल्याला केळ कशी आहे ते अधिक कळले, पण केळ बदलली नाही. तोवर करप्याची पाने वेळेवर काढणे, बागेत हवा खेळती ठेवणे, फवारणी योग्य वेळी करणे हेच उपाय आहेत. मरीच्या रोगासाठी रोगट भागातील मुनवे आणि माती आपल्या शेतात येऊ न देणे, दुसऱ्याच्या बागेतून आल्यावर पायताण आणि अवजारे धुणे, हे तू आणि तुझे वडील आजच करू शकता.

हे उत्तर त्या शिबिरात द्यायला हवे होते. ते शिक्षक हा लेख वाचतील अशी आशा आहे.